बदलीची डॉक्टर

दूध वर यायला लागलं होतं आणि आई गॅसपाशी उभी राहून पावाच्या कडा काढत होती. धाकटीला कडा आवडत नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती सलग चौथ्या सकाळी घरात होती, त्यामुळे आईला कडा काढण्यातसुद्धा सणासुदीचा उत्साह आला होता. धाकटी खुर्चीवर दोन्ही पाय घेऊन, न विंचरलेल्या केसांनी, पेपरमधलं शब्दकोडं सोडवत बसली होती. मोठ्या सरकारी रुग्णालयात तीन वर्षं निवासी डॉक्टर म्हणून काढल्यावर माणसाला काय येतं, तर उभ्या उभ्या झोपता येतं आणि दीड मिनिटात जेवता येतं. बसून कोडं सोडवणं तिला नव्यानं शिकावं लागत होतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. एक नाही, चांगल्या चार.

"बेल काय शोभेला लावलीय?" आई म्हणाली. तिनं गॅस बंद केला आणि दार उघडलं.

दारात पेंटर उभा होता. खांद्यावर घडीची शिडी, हातात दोन डबे, कानामागे पेन्सिल. "डॉक्टरसाहेबांनी पाठवलं," तो म्हणाला. "ताईंचं नाव आणि डिग्री स्वच्छ अक्षरात लिहून द्या. आज हॉस्पिटलच्या पाटीवर चढवायचंय."

"कुठल्या पाटीवर?" धाकटीनं खुर्चीवरूनच विचारलं.

"तुमच्या दादांच्या. त्यांच्या नावाखाली जागा सोडलीय ना, तीन वर्षांपूर्वी मीच सोडली होती. आणि ताई, डिग्री नीट तपासून द्या हां. मागे एका डॉक्टरांच्या डिग्रीत माझ्याकडून एक अक्षर जास्त पडलं. पुसतो म्हणालो तर म्हणाले, राहू दे, बरं दिसतंय."

आई हसली. धाकटी हसली नाही. दादाच्या पाटीवर रिकामी पट्टी होती हे तिला माहीत होतं. ती आपल्यासाठी आहे हेही घरातल्या भिंतींना माहीत होतं. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

"काका, आत या, चहा घ्या," ती म्हणाली, "आणि शिडी परत घेऊन जा. मी तिथे जाणार नाही."

"तीन मजले चढवलीय मी ती," पेंटर कळवळून म्हणाला.

"अगं, मग जाणार कुठे?" आईच्या हातातली सुरी तशीच राहिली.

"बदली डॉक्टर म्हणून काम करणार आहे. एखाद्या हॉस्पिटलातले डॉक्टर रजेवर गेले की त्यांच्या जागी जायचं. कुठे दोन आठवडे, कुठे महिना. ते परत आले की आपण निघायचं. बदली डॉक्टर पुरवणाऱ्या ऑफिसात नाव नोंदवून टाकलंय मी, सोमवारपासून पहिली जागा आहे."

आईनं डोळे बारीक केले. "म्हणजे आपली भांडीवाली गावाला गेली की ती दुसरी येते, तशी?"

"अगदी तशी."

"ती परवा कुकरची शिट्टी साखरेच्या डब्यात ठेवून गेली होती," आई म्हणाली, आणि पेंटरला चहाचा ठसका लागला.

पेंटर खाली उतरला तसा त्यानं दादाला फोन लावला असणार, कारण वीस मिनिटांत दादा हजर झाला. दादा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा. बाबा गेले तेव्हा धाकटी आठवीत होती. तेव्हापासून तिच्या प्रगतिपुस्तकावर सही दादाचीच. तो सर्जन होता. बारा खाटांचं त्याचं स्वतःचं हॉस्पिटल होतं आणि बोलणंही टाके घातल्यासारखं, मोजकं आणि ओढून घट्ट केलेलं. खुशीत असला की तो तिला 'बुटके' म्हणे. आज तो आला तोच म्हणाला, "काय डॉक्टरीणबाई, आम्ही फार लहान पडतो का तुम्हाला?"

"लहानमोठ्याचा प्रश्न नाही, दादा."

"मग कसला आहे? मी तीन वर्षं फिजिशियन ठेवला नाही. कुणासाठी?"

"मला विचारून ठेवला नाहीस का?"

"तुला विचारायचं काय त्यात?"

"बघ," धाकटी आईकडे वळून म्हणाली.

"मला मध्ये घेऊ नका," आई म्हणाली आणि ओटा पुसायला लागली. तो आधीच पुसलेला होता.

धाकटीनं शांतपणे सांगायचा प्रयत्न केला. तीन वर्षं एकाच वॉर्डात, एकाच मॅडमच्या हाताखाली ती शिकली होती. त्या सांगतील ते औषध, त्या म्हणतील तो निदानाचा क्रम. आता तिथून उठून थेट दादाच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसलं, की पुढची तीस वर्षं दादाच्या पद्धतीनं. तिला चार ठिकाणचं काम बघायचं होतं. लहान हॉस्पिटल, मोठं हॉस्पिटल, कामगारांचा दवाखाना. आपण कसल्या डॉक्टर होणार आहोत हे ठरवण्याआधी ते बघायला हवं, असं तिला मनापासून वाटत होतं. शिवाय मध्ये आठ दिवस झोपताही येईल, हे तिनं सांगितलं नाही.

दादानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "बदलीवाले मी पुष्कळ पाहिलेत. शनिवारी गोळी लिहितात आणि रविवारी बस पकडतात. सोमवारी त्या पेशंटचं काय झालं, तो जगला की मेला, त्यांना सोयरसुतक नसतं. ते निस्तरायचं आमच्यासारख्यांनी. याला डॉक्टरकी म्हणत नाहीत. पाट्या टाकणं म्हणतात."

हे मात्र लागलं. धाकटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणापासून राग आला की तिच्या तिथेच दिसतो.

"सहा महिने दे मला," ती म्हणाली. "सहा महिन्यांत एका तरी ठिकाणाहून माझी तक्रार आली, तर मुकाट्यानं तुझ्याकडे येईन. नाही आली तर मी काय करायचं ते मी ठरवीन, आणि तू या विषयावर तोंड उघडायचं नाहीस."

"एक तक्रार?"

"एक."

"खरी की खोटी, असला वाद घालायचा नाही."

"नाही घालणार."

"आई, ऐकलंस ना?" दादा म्हणाला. आईनं फडकं पिळलं. ते कोरडं होतं.

असे धाकटीचे बदलीचे दिवस सुरू झाले. आईला वाटत होतं, लेक कुठेतरी पाहुणी म्हणून जाते आणि मान घेऊन येते. पण मानाचं नाव नव्हतं. बदलीच्या डॉक्टरला पहिल्या तासात तीन गोष्टी शोधाव्या लागतात: ऑक्सिजनची चावी कुठे, तातडीच्या औषधांची ट्रॉली कुठे आणि बाथरूमची किल्ली कुणाकडे. पहिल्या दोन लगेच सापडतात. तिसरी सगळ्यांत अवघड. कपाटावर रजेवरच्या डॉक्टरांचं कुलूप, खुर्चीवर त्यांची उशी, कपावर त्यांचं नाव. राहायला खोली मिळे ती कुठे एक्स-रेच्या डोक्यावर, तर कुठे धुलाईघराशेजारी, जिथे पहाटेपासून भिंत थरथरायची. धाकटीनं महिन्याभरात स्वतःचा कप, स्वतःचा पंचा, एक लांब वायरचा बोर्ड आणि एक छोटं कुलूप अशी बॅग कायमची भरून टाकली.

नावानं तिला कुणी हाक मारत नसे. ड्युटीच्या तक्त्यावर नुसतं 'बदली' असं लिहिलेलं असायचं. एका ठिकाणी मावशी कॉरिडॉरभर ओरडत आली होती, "अहो बदली, तीन नंबरला उलटी झाली!" धाकटी 'ओ' देऊन मोकळी झाली. जेवणाच्या टेबलावर ती बसली की बोलणं थांबायचं. पेशंटही काही हात पसरून उभे नव्हते. ती प्रत्येकाच्या खाटेशी स्टूल ओढून बसायची आणि म्हणायची, "पहिल्यापासून सांगा." तिला पहिल्यापासूनचं ठाऊकच नव्हतं, दुसरं काय करणार? "किती जणांना सांगायचं?" लोक वैतागायचे. "फाईलमध्ये वाचता येत नाही का?" वाचता यायचं. पण फाईल एक सांगायची आणि माणूस दुसरंच, हे तिला दुसऱ्याच जागी कळून चुकलं होतं.

साडेचार महिने झाले, चार जागा झाल्या, तक्रार एकही आली नाही. दादा फोनवर आईशी बोलायचा आणि शेवटी विचारायचा, "आली का?" लेक आली का, की तक्रार आली का, हे आईला कधीच नीट कळायचं नाही.

पाचवी जागा तीस खाटांच्या एका हॉस्पिटलात होती. तिथले कायमचे डॉक्टर नवीन घरात सामान हलवायला दोन आठवडे रजेवर गेले होते. सगळे त्यांना नुसते 'सर' म्हणत. खरा कारभार मोठ्या सिस्टरांचा. चौदा वर्षं त्या वॉर्डात होत्या, चालताना त्यांच्या चपलेचा आवाज होत नसे आणि दिवसाला दोन नर्सांवर त्या तीस खाटा ओढत होत्या.

पहिल्याच सकाळी धाकटीनं एक गोष्ट पाहिली आणि ती चक्रावली. सात वाजता मोठ्या सिस्टर टेबलाशी बसल्या, शाईची उशी उघडली आणि एक रबरी शिक्का घेऊन एकेका पेशंटच्या कागदावर आजच्या तारखेखाली ठप्प ठप्प मारत सुटल्या. जांभळ्या शाईत दोन शब्द: 'तेच चालू'. म्हणजे कालची औषधं आजही तशीच.

"हे काय आहे, सिस्टर?"

"शिक्का."

"ते दिसतंय. पण पेशंट बघायच्या आधीच?"

"सर रोज हातानं हेच लिहायचे. हात दुखायचा त्यांचा. म्हणून करून घेतला. राउंड बारा मिनिटांत आटपतो. ज्याचं काही बदलायचं असेल, तिथे सर खोडतात."

"आणि खोडायला विसरले तर?"

मोठ्या सिस्टरांनी शिक्का उशीवर दाबला आणि वर पाहिलं. "मॅडम, तुमच्या आधी इथे एक बदलीवाले येऊन गेले. फार हुशार. चार दिवसांत नऊ जणांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या बदलल्या आणि रविवारी गेले निघून. पुढचा महिनाभर नातेवाइकांच्या शिव्या मी खाल्ल्या. तेव्हापासून आमचा नियम आहे. बदलीवाल्यांनी बदल करायचा नसतो."

धाकटीला हसू आलं आणि रागही आला. सिस्टरांचं अगदीच चूक होतं असंही नाही. दादानं हेच तर सांगितलं होतं, फक्त शिक्का न मारता.

दोन दिवस तिनं पाय न आपटता काढले. स्टूल ओढलं, पहिल्यापासून ऐकलं, कागदावर फारसं काही खोडलं नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, ती सात नंबरच्या खाटेशी बसली. तिथे एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना 'गणिताच्या बाई' म्हणत. पायांना सूज आणि धाप म्हणून आल्या होत्या. आता सूज उतरून पाय काटक्यांसारखे झाले होते, पण बाई दोन दिवसांपासून झापडीत होत्या. हाक मारली की डोळे अर्धे उघडायच्या आणि ओठ हलवायच्या.

"काय म्हणतात त्या?" धाकटीनं त्यांच्या मुलीला विचारलं. मुलगी पंचेचाळिशीची, बँकेतून तशीच आलेली, गळ्यातला ओळखपत्राचा पट्टासुद्धा काढलेला नव्हता.

"पाढे म्हणते. चाळीस वर्षं शिकवलं, तेच आता बडबडते. वय झालं, डोकं गेलं, असं सर फोनवर म्हणाले. तुम्ही तात्पुरत्या ना?"

"हो."

"मग आमचे डॉक्टर येईपर्यंत हात लावू नका तिला."

धाकटीनं हात लावला नाही. नुसता कान बाईंच्या तोंडाशी नेला. "सतरा एके सतरा... सतरा दुणे चौतीस... सतरा त्रिक... चौतीस... सतरा त्रिक..." बाई तिथेच अडकत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

"घरी चुकायच्या अशा?"

"ती?" मुलगी फणकारली. "मागच्या आठवड्यात इथे आल्यावरही औषधवाल्याच्या बिलातली बेरीज तिनं तोंडी पकडली होती. तिला चुकायचं माहीत नाही."

"मागच्या आठवड्यात? मग चार दिवसांत वय किती वाढलं त्यांचं?"

धाकटीनं फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. सूज उतरावी म्हणून शरीरातलं पाणी लघवीवाटे काढणारं इंजेक्शन, दिवसातून दोनदा. सोबत त्याच कामाची आणखी एक गोळी. पहिल्या पानावर सरांच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'तीन दिवस'. त्यानंतर शिक्का. तेच चालू. तेच चालू. तेच चालू. तीन दिवसांचं औषध अकरा दिवस चाललं होतं, कारण खोडायचं राहून गेलं होतं. पाण्याबरोबर रक्तातलं मीठही वाहून जातं. वर जेवण बिनमिठाचं. रक्ताची शेवटची तपासणी भरती झाली त्या दिवशीची.

तिनं रक्त पाठवलं. अकरा वाजता आकडा आला. रक्तातलं जे मीठ एकशे पस्तिसाच्या वर असायला हवं, ते एकशे तेरावर आलं होतं. मेंदू झोपेल नाही तर काय होईल?

"सिस्टर, इंजेक्शन आणि गोळी दोन्ही बंद. मिठाचं सलाईन लावायचंय, पण अगदी सावकाश. भरभर दिलं तर मेंदूला कायमची इजा होते. दर सहा तासांनी रक्त."

"सरांना विचारल्याशिवाय मी बंद करणार नाही."

"मग लावा फोन."

सरांचा फोन उचलला जाईना. शेवटी उचलला तेव्हा मागे कुणीतरी कपाट ओढत असल्यासारखा आवाज येत होता. धाकटीनं सगळा प्रकार सांगितला, आकड्यासकट. पलीकडून उत्तर आलं, "माझ्या पेशंटचं औषध मी आल्याशिवाय बदलायचं नाही. संध्याकाळी बघू," आणि फोन बंद.

संध्याकाळपर्यंत थांबायला जागाच नव्हती. तिनं कागदावरचा त्या सकाळचा जांभळा शिक्का आडव्या रेघेनं खोडला, खाली आपल्या हातानं आदेश लिहिला, सही केली, वेळ टाकली. सलाईन स्वतःच लावलं. थेंब मोजत ती स्टुलावर बसून राहिली आणि मोठ्या सिस्टर लांबून, हाताची घडी घालून, तिला बघत राहिल्या. दुपारी तिच्या जेवणाचं ताट कुणी आणलं नाही. मागवल्यावर मावशी म्हणाली, "बदलीचं ताट आज लिहिलेलं नाही."

संध्याकाळी सर फिरकले नाहीत. गुरुवारी सकाळी आकडा एकशे अठरा झाला. जितक्या सावकाश वाढायला हवा होता तितकाच. बाई अजून झापडीतच होत्या. पुढचे दोन दिवस हाच वेग राहिला तर जाग येईल, हे धाकटीला माहीत होतं. मुलीला ती तसं म्हणाली तर मुलगी म्हणाली, "आम्ही सरांना सगळं सांगितलंय."

बारा वाजता सर आले. कपड्यांवर खोक्यांची धूळ, बोटाला चिकटपट्टी. ते आधी खाटेकडे गेले नाहीत. टेबलाशी येऊन त्यांनी फाईल उघडली, खोडलेला शिक्का पाहिला आणि फाईल आपटली.

"पंधरा वर्षांत मी नाही म्हटल्यावर माझ्या कागदावर रेघ मारायची कुणाची हिंमत झाली नाही."

"सर, आकडा बघा. परवापर्यंत..."

"तुझा भाऊ माझा वर्गमित्र आहे, म्हणून तुला इथे घेतलं. तो म्हणाला होता, जरा आगाऊ आहे, सांभाळून घे. रजा आटोपली माझी. तू मोकळी आहेस. आत्ता."

धाकटीनं वाद घातला नाही. खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यात सलाईनचा वेग, दोन्ही आकडे, पुढचं रक्त सहा वाजता, आणि आकडा भरभर चढला तर काय करायचं, सगळं सुवाच्य लिहिलेलं होतं. सरांनी तो न उघडता शर्टाच्या खिशात सरकवला.

"वाचा तरी, सर."

"मी पंधरा वर्षं हेच करतोय."

"म्हणूनच म्हणते, वाचा."

सरांनी पेन उचललं, मग खाली ठेवलं आणि शिक्का हातात घेतला. धाकटी दारात थबकली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, मारा तो शिक्का. तिच्या आदेशाखाली मारला तर सलाईन तसंच सावकाश चालू राहील. तिचा आदेश खोडून मारला तर इंजेक्शन पुन्हा सुरू. पण व्यवस्थापक तिची बॅग घेऊन मध्ये येऊन उभा राहिला. "मॅडम, खोलीची किल्ली," तो म्हणाला. ती किल्ली कड्यातून काढून देईपर्यंत फाईल मिटली होती.

ती बाईंच्या मुलीपाशी गेली. "संध्याकाळी सहाला रक्त घेतलं का, तेवढं आठवणीनं विचारा. आणि तुमचा नंबर द्या, मी फोन करीन."

"तुमचा फोन कशाला?" मुलगी म्हणाली. "उद्या तुम्ही कुठे असाल, ते तुम्हाला तरी माहीत आहे का?"

धाकटीनं मोठ्या सिस्टरांना विचारलं, फोन केला तर बाईंचा आकडा सांगाल का. त्या एका क्षणासाठी घुटमळल्या, असं तिला वाटलं. पण मग म्हणाल्या, "बाहेरच्या माणसाला पेशंटची माहिती देता येत नाही, मॅडम. नियम आहे." नियम खरा होता. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत तिनंही तो पाळला असता.

स्टँडवर उन्हाचा भडका होता. बाकाची एकच फळी सावलीत होती, त्यावर ती बॅग मांडीवर घेऊन बसली. बस तासाभरानं होती. पोटात सकाळचा चहा सोडून काही नव्हतं. फोन वाजला. दादा.

"आली," तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "लेखी आलीय, डॉक्टरीणबाई. त्यानं तुझ्या त्या ऑफिसात पाठवलीय आणि मलाही. 'परवानगीशिवाय उपचारात फेरफार, कर्मचाऱ्यांशी उद्धट वर्तन.' सही-शिक्क्यासकट."

"शिक्का तर असणारच."

"विनोद सुचतायत तुला? चारचौघांत मान खाली घालायला लावलीस. मी त्याला शब्द टाकला होता तुझ्यासाठी."

"मी टाकायला सांगितला नव्हता, दादा. मला ते आज कळलं."

"काय केलंस तू नक्की?"

तिनं सांगितलं. अकरा दिवस, एकशे तेरा, सावकाश सलाईन. एकही विशेषण न लावता, राउंडला मॅडमना सांगायची तसं. दादा सर्जन असला तरी एकशे तेरा म्हणजे काय, ते त्याला कळत होतं.

"औषध त्यानं स्वतः बंद केलं असतं संध्याकाळी," तो म्हणाला, पण आवाजातला टाका जरा सैल झाला होता. "तू सात-आठ तास थांबली असतीस तर?"

"तू थांबला असतास?"

"मी तिथला कायमचा असतो. गोष्ट वेगळी."

"पेशंटला वेगळी नाही."

"वाद घालायचा नाही असं ठरलं होतं."

"घालत नाहीये. तक्रार आली की यायचं, खरी की खोटी ते बघायचं नाही, असं ठरलं होतं. एक तारखेपासून येते."

दादाला हे अपेक्षित नव्हतं. तो भांडणाची सगळी हत्यारं मांडून बसला होता आणि समोरचं माणूस तर न भांडताच यायला तयार झालं. मागून आईचा आवाज आला, "जेवली का विचार तिला," आणि दादा कुणालातरी हातानं गप्प करत असल्यासारखी खसफस.

"रागानं येतेयस का?" त्यानं विचारलं.

"हो. पण येतेय."

"हे बघ, बुटके," तो म्हणाला. साडेचार महिन्यांत पहिल्यांदाच. "तशी मला नकोयस. माझ्या हॉस्पिटलात फुरंगटून बसलेला फिजिशियन ठेवून मी काय करू? काही अटी असतील तर आत्ताच सांग. वेगळी खोली हवी? रविवार मोकळा हवा? माझ्या औषधांवर रेघ मारायची परवानगी हवी? काय हवंय ते एकदाच बोलून टाक."

बसनं लांबूनच हॉर्न दिला. धाकटी उठली, बॅग खांद्यावर घेतली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अटी काही नाहीत. एक काम कर माझं. मला कुणी सांगणार नाही, पण तुला तुझा मित्र सांगेल. परवा संध्याकाळी त्याला फोन कर, सात नंबरच्या बाई जाग्या झाल्या का विचार, आणि मला कळव."